कबुलीविना तडजोड



 

१९ मार्च २०१४ रोजी युरोपीय आयोगाने ब्रुसेल्समध्ये एक निर्णय जाहीर केला. मोटारी आणि ट्रकना बेअरिंग पुरवणाऱ्या सहा कंपन्या २००४ ते २०११ अशी सात वर्षं दराच्या बाबतीत आपसांत संगनमत करून होत्या. दंडाची एकूण रक्कम ९५ कोटी ३३ लाख युरो. त्यात शेफलरच्या वाट्याला सुमारे ३७ कोटी युरो आले, एसकेएफच्या वाट्याला सुमारे साडेएकतीस कोटी आणि उरलेली रक्कम तीन जपानी कंपन्यांच्या वाट्याला. सहावी कंपनी जेटेक्ट. तिला दंड शून्य, कारण ही बातमी आयोगाला सगळ्यात आधी तिनेच दिली होती.

सहा वर्षांनी, ५ जून २०२० रोजी, दिल्लीत आपल्या भारतीय स्पर्धा आयोगानेही बेअरिंगच्याच धंद्याबद्दल एक आदेश काढला. नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज, शेफलर इंडिया, एसकेएफ इंडिया आणि टाटा स्टीलचा बेअरिंग विभाग यांनी २००९ ते २०११ च्या काळात, वाहन कंपन्यांकडे किती दरवाढ मागायची याची आपसांत चर्चा केली, असा निष्कर्ष त्यात आहे. कायदा मोडला हे ठरलं. मग दंड किती? काही नाही. असं पुन्हा करू नका, एवढं बजावून आयोगाने प्रकरण मिटवलं.

एसकेएफचा चिंचवडचा कारखाना साठच्या दशकापासूनचा आहे आणि शेफलर इंडियाचं कार्यालय बाणेरला आहे. म्हणजे ब्रुसेल्समध्ये ज्या दोन नावांना सगळ्यात मोठा दंड झाला, ती आपल्या पुणे-पिंपरीच्या पीएमपी बसमार्गावरची नावं आहेत. दोन्ही प्रकरणं एकच होती असं मी म्हणत नाही. बाजार वेगळे, बैठका वेगळ्या, काही कंपन्याही वेगळ्या, आणि युरोपातलं संगनमत कितीतरी मोठं आणि लांबलेलं. पण वस्तू तीच, धंद्याची तऱ्हा तीच. एकीकडे नऊ आकडी दंड आणि दुसरीकडे समज, हे अंतर निव्वळ अपराधाच्या आकारामुळे पडत नाही. त्याचा मोठा हिस्सा प्रक्रियेतून येतो, आणि आज मला त्या प्रक्रियेबद्दलच बोलायचं आहे.

आधी हे पाप आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात नेमकं कसं घडतं ते पाहू. या सभागृहात अर्धे लोक भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या एमआयडीसीत उभं आयुष्य काढलेले असतील, त्यांना ६२०३ सांगायला नको. भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२. जर्मन कंपनीचं घ्या, स्वीडिश घ्या, जयपूरचं घ्या. माप मायक्रॉनच्या हिशेबात तेच. एकाचं काढून दुसऱ्याचं बसवलं तर शाफ्टला कळतही नाही. वस्तू अशी तंतोतंत अदलाबदल करण्याजोगी झाली की विकणाऱ्यांमध्ये चढाओढीला दोनच गोष्टी उरतात, भाव आणि वेळेवर पुरवठा. म्हणूनच भावाची चढाओढ बंद करण्याचा मोह इथे सगळ्यात जास्त. ज्या वस्तूत डिझाइनची करामत असते तिथे असं संगनमत, म्हणजे कार्टेल, टिकवणं अवघड जातं. बेअरिंग, सिमेंट, टायर, बॅटरी सेल इथे ते सोपं पडतं, आणि जगभरच्या कार्टेलांची यादी काढली तर हीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात.

आता भाव ठरतो कसा? पोलाद महागलं की पुरवठादार वाहन कंपनीच्या परचेस विभागाला पत्र लिहितो. परचेसवाला पत्र बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या पुरवठादाराचं पत्र काय म्हणतं ते पाहतो. एकाने सात टक्के मागितले आणि दुसऱ्याने चार, तर त्याच्या हातात हत्यार आलं. दोघांनी साडेसहाच्या आसपासच मागितले तर हत्यार गेलं, आणि बाजाराचा कलच तसा आहे असं मानून तो सही करतो. कार्टेलला बंद खोलीतल्या मोठ्या कटाची गरज नसते. पत्र पाठवायच्या आधी एक फोन पुरतो. हा दर पुढे खालपर्यंत झिरपतो. भोसरीतला छोटा व्हेंडर व्हील हब जोडून देतो तेव्हा बेअरिंग कुणाचं आणि काय भावाने घ्यायचं, हे बहुतेक वेळा वरच्या कंपनीने ठरवून दिलेलं असतं. दर तिमाहीला आरएम सेटलमेंट, म्हणजे कच्च्या मालाच्या भावाचा हिशेब, होताना त्याच्या स्वतःच्या मशिनिंगच्या दरावर मात्र पैशापैशाची घासाघीस होते. वर फोनवर ठरलेले दोन टक्के कुणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि खाली त्याला मात्र ‘कॉस्ट डाउन’ द्यावाच लागतो. निगडीच्या गॅरेजमध्ये स्कूटरचं चाक उघडून बसलेल्या मेकॅनिकची गोष्ट तर निराळीच. त्याच्याकडे परचेस विभागही नसतो.

असा फोन सिद्ध कसा करायचा? जगातल्या सगळ्या स्पर्धा नियामकांपुढचा हा पहिला प्रश्न, आणि त्याला सापडलेलं उत्तर थोडं अप्रशस्त वाटणारं आहे: टोळीतल्याच एकाला फोडायचं. आपल्या स्पर्धा कायद्याचं कलम ४६ हेच करतं. जो पहिला येऊन सगळं सांगेल त्याला दंडात शंभर टक्क्यांपर्यंत सूट, दुसऱ्याला पन्नासपर्यंत, तिसऱ्याला तीसपर्यंत. २०२४ च्या नव्या नियमांनी आणखी एक पायरी चढवली. एका कार्टेलमध्ये अडकलेल्याने दुसऱ्याच एखाद्या कार्टेलची खबर दिली तर पहिल्या प्रकरणातही जादा सूट.

या शर्यतीचा उत्तम नमुना पाहायचा तर भारतीय आयोगाचा ९ ऑगस्ट २०१९ चा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा आदेश पाहावा. एनएसके आणि जेटेक्ट या दोन जपानी कंपन्या २००५ ते २०११ या काळात आपसांत ठरवून गाडी उत्पादकांना दर देत होत्या. एनएसके आधी आयोगाकडे पोहोचली, तिला पूर्ण माफी मिळाली. जेटेक्ट मागून पोहोचली, तिला पन्नास टक्के सूट मिळूनही सुमारे १७ कोटी रुपये भरावे लागणार असं ठरलं. गंमत अशी की युरोपातल्या बेअरिंग प्रकरणात हीच जेटेक्ट पहिली होती आणि एनएसके दंड भरणाऱ्यांत. दोघींनी एकेकदा एकमेकींना पकडून दिलं. कार्टेलमधल्या मैत्रीवर याहून चांगलं भाष्य मला तरी माहीत नाही.

पण फोडलेला साक्षीदार हा प्रकरणाचा आरंभ झाला. शेवटापर्यंत जायला वर्षं लागतात. बाकीचे आरोपी लढतात, कागद मागतात, उलटतपासणी मागतात, न्यायालयात जातात. युरोपने २००८ साली यावर एक उपाय काढला. कार्टेलच्या आरोपींना बोलवायचं, आयोगाकडे कोणते पुरावे आहेत ते मांडायचं आणि विचारायचं: मान्य आहे? असेल तर कंपनीने आपला सहभाग, काळ आणि जबाबदारी लेखी कबूल करायची. त्या बदल्यात दंडात दहा टक्के सूट आणि निर्णय आटोपशीर. दहा टक्के. लक्षात घ्या, नव्वद टक्के दंड भरायचाच आहे. हेतू दया दाखवण्याचा नाही, कामाचा वेळ वाचवण्याचा आहे. या पद्धतीचा पहिला निर्णय २०१० मध्ये संगणकाच्या मेमरी चिपच्या कार्टेलवर झाला. बेअरिंगचं प्रकरण याच वाटेने गेलं. छापे नोव्हेंबर २०११ मध्ये पडले आणि दंड मार्च २०१४ मध्ये जाहीर झाला. अडीच वर्षंही लागली नाहीत.

अर्थात ही वाटही कधी कधी दोन फाट्यांची होते. १९ जुलै २०१६ रोजी ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांचं चौदा वर्षांचं संगनमत असंच मिटलं. मॅनने खबर दिली म्हणून तिला माफी. व्होल्वो, डेमलर, इवेको आणि डॅफ यांनी कबुली दिली. दंड सुमारे २९३ कोटी युरो. स्कॅनिया मात्र कबूल झाली नाही. तिचं प्रकरण वेगळं चाललं, २०१७ मध्ये ८८ कोटी युरोंचा दंड झाला, आणि ती वरच्या न्यायालयात लढत राहिली. तिचा शेवटचा अर्ज फेटाळला गेला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. चार कंपन्या कबूल होऊन मोकळ्या झाल्यावर पाचवीला साडेसात वर्षं लढता आलं. या पद्धतीवर घेतला जाणारा एक आक्षेप हाच आहे: एकजण आडून बसला तर आयोगाला दोन्ही वाटांची मेहनत करावी लागते. आक्षेप खरा आहे, पण मला तो फारसा जड वाटत नाही. एकाशी लढणं आणि पाचांशी लढणं यात फरक आहेच.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहा. २०१९ मध्ये स्पर्धा कायद्याचा आढावा घेणाऱ्या समितीने तडजोडीची तरतूद सुचवली, पण कार्टेल त्यातून वगळायला सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या दुरुस्ती विधेयकाने तेच उचललं. डिसेंबर २०२२ मध्ये जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने अहवाल दिला आणि कार्टेललाही तडजोडीची वाट खुली करा, अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. एप्रिल २०२३ मध्ये दुरुस्ती कायदा झाला आणि मार्च २०२४ मध्ये नियम आले. त्यामुळे आज अशी स्थिती आहे: बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर किंवा उत्पादक आणि वितरक यांच्यातले उभे करार असतील तर तडजोड करता येते. आयोगाच्या महासंचालकांचा तपास अहवाल आल्यावर अर्ज करायचा, रक्कम भरायची, पंधरा टक्क्यांपर्यंत सूट घ्यायची. अपराध कबूल करण्याची अट नाही. या आदेशावर अपीलही नाही. गूगलने एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात २० कोटी २४ लाख रुपये भरून अशी पहिली तडजोड केली.

म्हणजे युरोपने ही वाट फक्त कार्टेलसाठी काढली आणि कबुली हा तिचा पाया ठेवला. आपण ती कार्टेल सोडून बाकी सगळ्यांसाठी काढली आणि कबुली गाळून टाकली. जिथे वाद गुंतागुंतीचा आहे, जिथे हेतू चांगला की वाईट हे ठरवायलाच वर्षं लागतात, तिथे आपण पैसे घेऊन मोकळं करतो. आणि जिथे अपराध सगळ्यात उघड, तिथे मात्र शेवटपर्यंत लढायची सक्ती.

आपल्याच पट्ट्यातलं उदाहरण देतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या विक्रीवरून २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. खासगी गॅरेजला अस्सल भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू देत नाहीत, हा आरोप. पिंपरीच्या टाटा मोटर्सचा वाटा एकटा १,३४६ कोटींचा होता, आणि यादीत महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ अशी चाकणकरांना तोंडपाठ असलेली नावं होती. आजच्या कायद्याने हे प्रकरण तडजोडीला पात्र ठरेल. त्याच गाडीच्या चाकातल्या बेअरिंगचं ठरणार नाही.

सरकारची भूमिका मला समजते. कार्टेल म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात घातलेला हात. त्याच्याशी वाटाघाट कसली, ही भावना स्वाभाविक आहे. त्यावर असंही म्हणता येतं की कार्टेलसाठी कलम ४६ ची सवलत आहेच, दुसरी कशाला? पण प्रत्यक्षात आपल्याकडे कार्टेलशी तडजोड होतेच. ती कायद्यात लिहिलेली नाही एवढंच. माझ्या मते तिचे तीन प्रकार चालू आहेत.

पहिला, वेळेची तडजोड. २० जून २०१२ रोजी अकरा सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटींचा दंड झाला. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने तक्रार केली होती. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आदेश रद्द केला, कारण सुनावणीला हजर नसलेल्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड ठोठावला, जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला, आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाच टायर कंपन्यांवरचा १,७८८ कोटींचा आदेश २०१८ मध्ये तयार झाला, मद्रास उच्च न्यायालयातल्या वादामुळे पाकिटातच राहिला, फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेरविचारासाठी परत आयोगाकडे आला. दंडाची रक्कम इतकी वर्षं कंपनीकडेच राहते, व्याज तिचं, वकील तिचे. ही तडजोडच आहे, फक्त तिच्या अटी घड्याळ ठरवतं. २०२३ च्या दुरुस्तीने अपिलाआधी दंडाचा चौथा हिस्सा भरण्याची सक्ती केली, हे त्यातल्या त्यात चांगलं.

दुसरा प्रकार बेअरिंगसारखा. अपराध सिद्ध, दंड माफ. हा रोग बेअरिंगपुरता राहिला नाही. बेअरिंगच्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, रेल्वेला ब्रेक ब्लॉक पुरवणाऱ्या कंपन्यांनी निविदा संगनमताने भरल्याचं सिद्ध झालं आणि तिथेही दंड झाला नाही. महामारीचे दिवस, लहान उद्योग, सहकार्याची तयारी, अशी कारणं पुढे येतात आणि त्यातली काही पटण्यासारखीही असतात. पण कोणत्या परिस्थितीत किती सोडायचं याचं लेखी मोजमाप नसलं की दया आणि लहर यातला फरक बाहेरच्याला कळत नाही. चाकणच्या एखाद्या मोठ्या पुरवठादाराचा कायदा अधिकारी ते आदेश वाचून काय सल्ला देईल? मी त्याच्या जागी असतो तर म्हणालो असतो, आयोगाकडे धावत जायची घाई नको, थांबून पाहू.

तिसरा प्रकार, पकडले गेल्यावर घेतलेल्या सवलतीचा, मला सगळ्यात काळजीचा वाटतो, आणि तो आपल्या शेजारच्याच महापालिकेत घडला. २०१४-१५ मध्ये पुणे महापालिकेने कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदा काढल्या. नागरिक चेतना मंच या पुण्यातल्या न्यासाने २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की या निविदांत रिंग झाली आहे. ठेकेदारांची रिंग हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रोज येतो, पण दिल्लीच्या आयोगापर्यंत जाऊन ती सिद्ध करून दाखवणारे नागरिक विरळा. पद्धत तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वेळी किमान तीन निविदा आल्या नाहीत तर मुदत वाढवावी लागते. मग ज्याला काम मिळायचं आहे तो आपली भरतो आणि संख्या भरायला दोन सपोर्टच्या भरून घेतो. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, कोण येणार ते लिफाफे उघडण्याआधीच ठरलेलं. १ मे २०१८ रोजी आयोगाने आदेश दिला, सहा कंपन्यांना मिळून ३ कोटी ५७ लाखांचा दंड.

या प्रकरणात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आरोप झालेल्या कंपन्या एकामागून एक कलम ४६ खाली सवलतीचा अर्ज घेऊन आल्या. कधी? तक्रार झाल्यावर, तपास सुरू झाल्यावर. गुपित फोडायला त्या आल्या नव्हत्या. ते नागरिकांनी आधीच फोडलं होतं. त्या आल्या पकडले गेल्यावर हात जोडायला. कुणालाच शंभर टक्के माफी मिळाली नाही, पण काहींना सूट मिळाली. सवलतीची ही रांग किती लांबते ते पाहायचं तर मोटारी वाहून नेणाऱ्या जहाज कंपन्यांच्या कार्टेलवरचा जानेवारी २०२२ चा आदेश घ्या. एका कंपनीचं जे गिऱ्हाईक, त्याला दुसरीने हात लावायचा नाही, असा त्यांचा अलिखित नियम होता. चारपैकी तीन जपानी कंपन्या सवलतीच्या रांगेत होत्या, अनुक्रमे १००, ५० आणि ३० टक्के. रांगेबाहेर एकच राहिली. एकूण दंड ६३ कोटी. इथून गाड्या मुंबई बंदरातून परदेशी जातात तेव्हा जहाजाचं भाडं कसं ठरतं हे विचारणाऱ्या निर्यात विभागांनी तो आदेश वाचावा.

खबर देणारा आणि कबुली देणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याने आयोगाला जे माहीत नव्हतं ते सांगितलं. त्याचं मोल मोठं. दुसऱ्याने जे बहुतेक माहीत होतंच त्याला होकार दिला. त्याने फक्त आयोगाचा वेळ वाचवला. युरोपने दोघांसाठी दोन दारं केली. पहिल्याला शंभर टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला दहा. आपण दुसऱ्यासाठी दार केलंच नाही, म्हणून तोही पहिल्याच दारातून आत येतो आणि तीस-पन्नास टक्के घेऊन जातो. तडजोडीने कार्टेलविरुद्धची धार बोथट होईल, अशी भीती घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. धार बोथट झालीच आहे, आणि ती तडजोडीचं दार नसल्यामुळे झाली आहे. उशिरा येणाऱ्याला दहाच टक्के मिळतील हे पक्कं ठाऊक असेल, तर लवकर येण्याचं मोल वाढतं.

तरी या पद्धतीचे दोष मी झाकणार नाही. मोठा दोष असा की तडजोडीचे आदेश त्रोटक असतात. कोणत्या दिवशी, कोणत्या मालावर, कोणत्या गिऱ्हाइकाकडून किती जास्त घेतलं, हे त्यात फारसं नसतं, आणि कंपन्यांना ते नकोच असतं. ज्याचं नुकसान झालं त्याने मग भरपाई मागायची कशाच्या आधारावर? इंग्लंडमध्ये रॉयल मेलने ट्रकच्या कार्टेलवरून डॅफवर दावा लावला, तेव्हा संगनमत झालं की नाही हा वादच उरला नव्हता. डॅफ युरोपात कबूल होऊन बसली होती. वाद फक्त किती जास्त घेतले याचा राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने पाच टक्के ठरवले. म्हणजे कबुलीसह केलेली तडजोड नुकसान झालेल्याला निम्मी लढाई जिंकून देते. कबुलीविना केलेली तडजोड त्याला जवळजवळ काहीच देत नाही. आपल्या दुरुस्त कायद्यात तडजोडीच्या आदेशानंतरही भरपाई मागायची सोय ठेवली आहे, पण समोरच्याने काही मान्यच केलेलं नसेल तर भोसरीतल्या लघुउद्योजकाने अपील न्यायाधिकरणापुढे जाऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचं? तेही ज्या पुरवठादाराकडून उद्या माल घ्यायचा आहे त्याच्याविरुद्ध? मला असा एकही व्हेंडर भेटलेला नाही.

दुसरी अडचण काळ्या यादीची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. महापालिकेची किंवा रेल्वेची कामं घेणाऱ्या कंपनीला दंडाची जितकी भीती वाटते त्याहून जास्त काळ्या यादीत जाण्याची वाटते. दंड एकदाच भरायचा असतो; यादीत नाव गेलं की पुढची काही वर्षं धंदाच बंद. आज कलम ४६ खाली खबर देणाऱ्यालाही त्यापासून संरक्षण नाही, कारण आयोगाची सूट महापालिकेला बांधील करत नाही. मग कबूल कोण होईल? उद्या कार्टेलसाठी कबुलीची तडजोड आणली आणि काळ्या यादीचा प्रश्न तसाच ठेवला, तर मोठ्या वाहन कंपन्यांचे पुरवठादार येतील, सरकारी ठेकेदार येणार नाहीत. आणि रिंग तर तिथेच जास्त आहे.

माझी मागणी एवढीच आहे. कार्टेलसाठी तडजोड असावी, पण कबुली सक्तीची. सूट दहा टक्के, फार तर पंधरा. तिसऱ्या खबऱ्याला मिळणाऱ्या तीस टक्क्यांच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे रांगेतला क्रम मोडणार नाही. आदेशात काळ, माल आणि गिऱ्हाइकांचे गट स्पष्ट लिहिलेले असावेत, म्हणजे ज्याने जास्त पैसे मोजले त्याला भरपाईच्या दाव्यात तो पुरावा म्हणून वापरता यावा. पहिल्या खबऱ्याला काळ्या यादीतून सूट द्यावी, बाकीच्यांसाठी ती मुदत कमी करावी, आणि हे आयोगाने एकट्याने न ठरवता राज्य सरकारांच्या खरेदी नियमांतही लिहून घ्यावं. दंड माफ करायचा असेल तर त्याची कारणं या पद्धतीच्या चौकटीतच यावीत, अंतिम आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात नव्हे.

यासाठी फार मोठा कायदा लागत नाही. तडजोडीच्या कलम ४८अ मध्ये ज्या उल्लंघनांची नावं आहेत त्यांत कार्टेलचं कलम ३(३) घालावं लागेल, कार्टेलसाठी कबुलीची अट जोडावी लागेल, आणि संसदेत त्यावर एक दिवस चर्चा व्हावी लागेल. स्थायी समितीचा २०२२ चा अहवाल तिथल्या ग्रंथालयात आहे.